नऊ सेकंदांतली हाक

व्यावसायिक बास्केटबॉल किती वर्षं खेळलात असं कुणी विचारलं, की प्यो दोग्यू सांगतो, तीन वर्षं बसलो. मध्येमध्ये कधी उभं केलं तर उभाही राहिलो. आज तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे. चुंगजू शहरात लहान मुलांना बास्केटबॉल शिकवतो आणि पिवळ्या गाडीतून त्यांची ने-आण करतो. मुलांना त्याच्या शिकवण्यापेक्षा गाडी जास्त आवडते, हेही तोच सांगतो. पोट सुटलंय, गुडघे कुरकुरतात. न वापरलेले गुडघे झिजले कसे, याचं डॉक्टरांना नवल वाटतं. दोग्यूच्या मते तो बाकावरून सारखं उठून टाळ्या वाजवल्याचा परिणाम आहे.

मार्च संपत आला, रस्त्याकडेची चेरी फुलायला लागली, की प्लेऑफचे दिवस येतात. हिवाळाभर दहा संघ एकमेकांशी झुंजतात, मग वरचे सहा तेवढे पुढे खेळतात आणि बाकीचे घरी बसून टीव्ही बघतात. त्या दिवसांत मुलांचे वडील दोग्यूला धरून डुकराचं मांस भाजून खायला नेतात. जाळीवर तुकडे टाकले, पहिला पेला झाला, की कुणीतरी म्हणतं, मास्तर, तुमचं ते प्लेऑफचं सांगा की. आढेवेढे घेणं दोग्यूला जमत नाही. तो लगेच सुरू होतो, आणि दर वेळी आपली फजिती थोडी वाढवूनच सांगतो.

गोष्ट २००४ च्या वसंतातली. चुंगजूचा सारस संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला होता. समोर किनाऱ्यावरच्या शहराचा बलाढ्य संघ. पाचांतले तीन सामने जिंकेल त्याला अंतिम फेरी. सारसांनी पहिला सामना जिंकला आणि दुसरा अगदी हातातला घालवला. कारण असं झालं, की शेवटच्या मिनिटाला एकानं चेंडू पास करताना "दादा!" अशी हाक मारली. मैदानावर त्याच्याहून मोठे तिघं होते. तिघंही वळले, तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं, आणि चेंडू तिघांच्या मधून जाऊन प्रेक्षकांत एका आजोबांच्या मांडीवर पडला.

संघाचा कोच नाम रात्रभर झोपला नसावा. सकाळी त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं आणि जाहीर केलं, की आजपासून मैदानावर दादा नाही, तुम्ही नाही, अहो-जाहो नाही. थोरला असो धाकटा असो, नुसत्या नावानं हाक मारायची. जो दादा म्हणेल तो मैदानाच्या दहा फेऱ्या मारेल. रेषेबाहेर पाय पडला की मग काय वाकायचं ते वाका.

आता ज्या देशात एका वर्षानं मोठ्या माणसाचंही नुसतं नाव घेतलं तर घरचे संस्कार निघतात, तिथे हे बोलायला सोपं होतं. तरी बाकीचे दोन दिवसांत शिकले. एक-दोघांना तर फारच आवडलं, जुने हिशेब मिटवावेत तशी ते नावं घेत सुटले. दोग्यू तेवढा फेऱ्या मारत राहिला. बारा जणांच्या संघात नऊ जण त्याच्याहून मोठे, त्यामुळे तोंड उघडलं की दहा फेऱ्या ठरलेल्या. हंगामभर घटलं नव्हतं तेवढं वजन चार दिवसांत घटलं. मग त्यानं एक युक्ती काढली. कुणाला हाकच मारायची नाही. मुक्यानं खेळायचं. कोचच्या ते लक्षात आलं, आणि त्यानं मुकेपणालाही दहा फेऱ्या लावल्या.

खरी अडचण आठांची नव्हती, एकाची होती. बान तेशिक, संघाचा कप्तान. वय छत्तीस, लीग सुरू झाली तेव्हापासून याच संघात. अंतिम फेरी त्यानं कधी खेळली नव्हती. हा त्याचा शेवटचा हंगाम, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पहिल्या वर्षाअखेर क्लब दोग्यूला नारळ द्यायला निघाला होता, तेव्हा तेशिकच आत जाऊन बोलला होता. पुढच्या वर्षी दोग्यूचे वडील वारले. शवपेटी डोंगरावर न्यायची होती, पाऊस लागलेला, पायवाट निसरडी. दुखऱ्या पायानं पुढच्या बाजूला खांदा लावला तो तेशिकनं. त्या माणसाला एकेरीत हाक मारायला दोग्यूची जीभ रेटेना.

तेशिकनं स्वतः त्याची शिकवणी घेतली. सरावानंतर त्याला समोर उभं करून म्हणाला, "म्हण, तेशिक."

"दादा, नका ना."

"अरे म्हण. मला काही होत नाही."

दोग्यूनं डोळे मिटून कसंबसं नाव घेतलं आणि लगोलग कमरेत वाकून माफी मागितली. तेशिकनं कपाळाला हात लावला.

दोन-दोन अशी बरोबरी होऊन पाचवा सामना चुंगजूला आला. रविवार दुपार, पाच हजार माणसं, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. शेवटच्या मिनिटाला सारस एका गुणानं पुढे. पण दोन गार्ड पाच-पाच फाऊल होऊन बाहेर गेलेले, तिसऱ्याचा घोटा मुरगळलेला. कोचनं बाकावर नजर फिरवली. घरातलं पीठ संपल्यावर डब्याचा तळ बघतात तशी त्याची नजर होती, असं दोग्यू सांगतो. तळाशी दोग्यू होता, टाळ्या वाजवत.

नऊ सेकंद उरले होते. चेंडू तेशिककडे आला. तो बाजूच्या रेषेजवळून वेळ काढत निघाला, अंगावर येणाऱ्या दोघांना पाठीनं थोपवत. नुकताच उतरवलेला दोग्यू पलीकडे उभा होता, आणि संपूर्ण मैदानात फक्त त्यालाच दिसलं, की तेशिकच्या मागून, त्याला न दिसणाऱ्या बाजूनं, समोरच्या संघाचा एक बुटका, चपळ खेळाडू वाकून येतोय. एक हाक पुरे होती.

तोंड उघडलं आणि 'दा' आला. तो गिळला. 'ते' आला, त्याच्यामागे सवयीनं 'दादा' यायला लागला, तोही गिळला. एवढ्यात बुटक्यानं चेंडू उडवला, पळाला, उडी मारून टोपलीत टाकला आणि भोंगा वाजला. सारस एका गुणानं हरले. पाच हजार माणसांची दातखीळ बसली, टाचणी पडली तरी ऐकू यावी असं झालं. आणि त्या शांततेत, इतका वेळ घशात अडकलेली हाक सुटली.

"ए तेशिक!"

छताला लागून परत आली म्हणतात. सगळ्या देशानं ऐकली. समालोचक बोलता बोलता थांबला. दुसऱ्या दिवशी एका पेपरात छापून आलं, की पराभवानंतर बाकावरच्या खेळाडूचा कप्तानावर संताप. आख्ख्या हंगामात दोग्यूचं नाव पेपरात आलं ते तेवढंच, आणि फोटोत त्याचे डोळे मिटलेले.

पण पेपर दुसऱ्या दिवशीचा. त्याच दुपारी, अंगावरचा घाम वाळायच्या आत, त्याच्या आईचा फोन आला. हरल्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

"ज्यानं तुझ्या बापाला खांदा दिला, त्याला तू एकेरी हाक मारलीस? आणि तीही टीव्हीवर?"

कोचचा नियम तो तिला समजावायला गेला. ती म्हणाली, त्या कोचला दे फोन.

मांसाच्या दुकानात गोष्ट इथे संपते. माणसं टेबलावर थापा मारून हसतात, कुणीतरी पेला भरतं, दोग्यूही हसतो. एवढं हसू आपल्याला खेळून कधी मिळवता आलं नसतं, असं म्हणतो आणि जाळीवरचे तुकडे उलटतो.

पुढचं तो सांगत नाही.

आईचा फोन ठेवून तो कपडे बदलायच्या खोलीत गेला. सगळे अंघोळीला गेले होते. तेशिक एकटाच बसला होता, बर्फाच्या बादलीत पाय घालून. दादा आता आपल्याला काय समजत असेल, एवढंच दोग्यूला खात होतं. हरणं त्याच्या डोक्यात नव्हतंच. तो समोर गुडघ्यांवर बसला.

"दादा, मी तुम्हाला रागावलो नाही."

"माहीत आहे."

"मी आधी ओरडणार होतो. तो मागून येताना मला दिसला होता."

तेशिकनं मान वर केली. "दिसला होता?"

"हो. पण दादा म्हणू का नाव घेऊ..." तो रडायला लागला, पंचवीस वर्षांचा, सहा फुटांचा बाप्या.

तेशिकनं बर्फातून पाय बाहेर काढले. मग तो ते पुसायला लागला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दोग्यूला बरं वाटलं असतं, इतकी वर्षं तेही बाकीच्या फजितीत घालून सांगता आलं असतं.

"मागे वळून बघणार होतो मी," तेशिक म्हणाला. "तशी सवयच आहे. पण पलीकडे तू उभा दिसलास. म्हटलं, काही असलं तर हा सांगेल. म्हणून नाही वळलो."

त्यानं मोजा चढवला, बुटाची नाडी बांधली आणि दोग्यूच्या खांद्यावर हात टेकवून उठला.

"चल, बस थांबली असेल."

"हो, दादा," दोग्यू म्हणाला.