देवीचे वण

सेसिलिया आंटीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अजून घट्टा आहे. पेन्सिलीचा. ठाण्यात जांभळी नाक्याजवळचा आमचा फोटो स्टुडिओ माझ्या वडिलांनी, विश्राम पाटकरांनी सुरू केला. १९७८ साली एकोणीस वर्षांची सेसिलिया तिथे कामाला लागली. चर्चमागच्या आळीत राहायची, शाळेत चित्रं बरी काढायची. एवढ्यावर पप्पांनी तिला खिडकीशी बसवलं.

तिचं टेबल मला लहानपणापासून आठवतं. उतरती काच, खाली आरसा, आरशात खिडकीचा उजेड. काचेवर निगेटिव्ह ठेवायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग बारीक ठिपक्यांनी भरायचे. मग कागदावर छापलेला चेहरा नितळ यायचा. काम झालं की फोटोच्या मागे, शिक्क्याच्या शेजारी, ती बारीक अक्षरात 'से' लिहायची. ठाण्यातल्या कितीतरी नवरा-नवरींच्या पुटकुळ्या तिने अशा घालवल्या. मी शाळेतून आले की तिच्या शेजारी बसायचे. ती बोलायची नाही. श्वाससुद्धा जपून घ्यायची. "रसिका, पेन्सिल एकदा टेकली की टेकली," एवढंच म्हणायची.

२००१मध्ये मी कॉम्प्युटर आणला, फोटो एडिटिंगचं मोठं सॉफ्टवेअर टाकलं. मला वाटलं, आंटी आता घरी बसेल. ती बेचाळीस वर्षांची होती. तिने वही काढली, एकेक बटण चित्रासकट लिहून घेतलं आणि चार महिन्यांत मला मागे टाकलं.

"अगं बाय, चुकलं तर मागे जाता येतं! मूळ फोटो आहे तसाच राहतो," ती पहिल्या दिवशी ओरडली होती. पुढे कुरकुरही तिनेच केली. हात थांबत नाही, म्हणायची. पूर्वी एक निगेटिव्ह बिघडेल या भीतीने दहा वेळा विचार करायचे, आता आधी करते आणि मग बघते. सगळी तोंडं एका साच्यातून काढल्यासारखी दिसतात. शिवाय सॉफ्टवेअरला दरमहा भाडं. "पेन्सिल कधी म्हणाली नाही मला, नवीन व्हर्जन घे म्हणून."

गेल्या वर्षी मार्चमध्ये शेवंतीबाई आल्या. डोंबिवलीच्या मानपाड्याहून, शीळफाट्याला बस बदलून. पासष्टीच्या असतील. पिशवीतून त्यांनी कपड्यात गुंडाळलेला लग्नाचा फोटो काढला. त्यांचं माहेर माजिवड्याचं, म्हणून १९७९मध्ये लग्नानंतर दोघं आमच्याच स्टुडिओत आली होती. भिंतीच्या ओलीने फोटो काचेला चिकटला, काढताना नवऱ्याचा अर्धा चेहरा काचेवर राहिला. नवरा, तानाजी, दोन वर्षांपूर्वी गेलेला. निगेटिव्ह मिळणार नव्हतं. जुन्या पेट्या पप्पांनी केव्हाच टाकून दिल्या होत्या.

मी फोटो स्कॅन केला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, ते गेलेला भाग स्वतःच भरून देतं. पंधरा सेकंदांत तानाजीचा पूर्ण चेहरा आला. मी खूश.

शेवंतीबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण हा कोण?"

आंटी उठून आली. तिने मूळ फोटो उलटा केला आणि 'से' पाहून थबकली.

"हे माझं काम आहे," ती म्हणाली.

"तुमचं?" शेवंतीबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मग एक सांगू का बाई? राग मानू नका. हा फोटो धड होता ना, तेव्हाही ते आमचे हे नव्हतेच. त्यांच्या तोंडभर देवीचे वण होते. फोटोत एक नाही. घरी आणला तर सासूबाई म्हणाल्या, आमच्या तान्याला धुतला कोणी? सगळे हसले. हेपण हसले. पण नंतर एकदा मला म्हणाले, म्हणजे आहे तसा मी चालणार नव्हतो का?"

आंटी खुर्चीवर बसली. सगळ्यांचे काढायचे, म्हणून तिने याचेही काढले होते. कोणी विचारलं नव्हतं, तिनेही कोणाला विचारलं नव्हतं.

"परत घालूया," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला आठवतात?"

"न आठवायला काय झालं?"

तीन दुपारी त्या दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या. मी केलेला चेहरा आंटीने पुसून टाकला. तानाजीच्या कंपनीच्या पासावर तिकिटाएवढा पुसट फोटो होता, त्यावरून डोळा आणि जबडा घेतला. वणांसाठी मात्र शेवंतीबाई डोळे मिटायच्या आणि स्वतःच्याच गालावरून बोट फिरवायच्या.

"डाव्या गालावर, इथे एक, खोल. त्याच्याखाली दोन जोडीला."

"डावा गाल म्हणजे त्यांचा की तुमचा?"

"ते माझ्यासमोर जेवायला बसलेत, तसा."

आंटी प्रत्येक वण वेगळ्या थरावर काढत होती, म्हणजे चुकला तर बाकीच्यांना धक्का न लावता तेवढाच हलवता यायचा. नाकाजवळचा एक पाच वेळा हलवला. पेन्सिलीने हे जन्मात झालं नसतं. तिसऱ्या दिवशी शेवंतीबाईंनी डोळे उघडले, पडद्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आंटीने माऊस सोडून त्यांचा हात धरला.

"माफ करा मला," ती म्हणाली.

"तुम्ही तरी काय करणार हो," शेवंतीबाई म्हणाल्या. "तेव्हा मीही नितळच करायला सांगितला असता."

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या, सोबत कॉलेजातली नात अक्षदा. तिला पासपोर्ट फोटो नको होता, चांगला मोठा हवा होता.

"आंटी, स्किन स्मूद करा ना प्लीज, पिंपल्स किती आलेत!"

"करते की," आंटी म्हणाली. "आधी न केलेला बघ."

अक्षदाने पडद्यावर स्वतःला पाहिलं, हनुवटी खाजवली, आजीकडे पाहिलं. आजी मुद्दाम बाहेर रस्त्याकडे बघत होत्या.

"दोन्ही द्या," अक्षदा म्हणाली.