सोमनाथचं विमान आणि तात्यांची शेवटची गाडी

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघणारी शेवटची एसटी चिमाजीतात्या कधीकधी सुरू करून तशीच उभी ठेवायचे. मागून ओरड व्हायची, "अवो डायवर, गाडी हितंच मुक्कामाला हाय व्हय?"

"बसा गप. मातीला जानारं मानूस येतंय. तोंड दिसलं पायजे त्याला."

मग कुणीतरी धापा टाकत चढायचं, आणि अख्खी गाडी मुकी व्हायची. नोकरी संपेस्तोवर तात्यांनी किती जणांना असं शेवटचं तोंड दाखवलं, त्याची आठवण आजही तात्यांच्या पाली गावाच्या आसपास निघते.

परवा सकाळी तात्यांच्या घरच्या, फुलाबाई, चुलीपुढेच कलंडल्या आणि गेल्या. एकुलता मुलगा सोमनाथ टोरंटोला. फोनवर रडतच म्हणाला, "तात्या, आईला ठेवा. म्या निघालोच."

अंगणात माणसं जमली. पुतणी प्रांजल मोबाईलमध्ये बघून म्हणाली, "साडेबारा हजार किलोमीटर. सरळ आलं तर पंधरा तास. पर दादाला दुबईवरनं तिकीट मिळालंय. उद्या सांजच्याला मुंबईत."

"दुबईत कशाला थांबतंय?" शेजारचा गेनबा खेकसला. "विमानाला घाट न्हाई, फाटा न्हाई. चा प्यायला उतरत्यात का काय?"

"चा तुमी प्या, मामा. दोनदा झालाय तुमचा!"

कुणी हसलं, कुणी पदर तोंडाला लावला. तात्या एवढंच म्हणाले, "थांबू."

भोरहून विजेवरची थंड पेटी आली. वर काच. फुलाबाईंना आत ठेवलं आणि तात्यांनी मान फिरवली. ही बाई चैतातही स्वेटर घालून भाकरी थापायची. गाडीत बसली तर इंजिनाच्या बॉनेटला पाय टेकून, आणि सारखं एकच, "अवो, काच लावा की! हीव भरतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुबईहून फोन आला. "दुसऱ्या विमानात बसलो, तात्या. फोन बंद होईल आता."

तासाभराने वीज गेली. पेटीची घरघर थांबली.

जमलेल्यांतला संपत म्हणाला, "तात्या, भोरवरनं जनरेटर आनतो. रातच्यापातूर निभंल."

तात्या पेटीपाशी गेले. काच सरकवली. फुलाबाईंचा हात हातात घेतला, चोळला, पुन्हा चोळला. जणू ऊब येणार होती. मग त्यांनी त्या हातावर आपला पंचा पांघरला.

"नगं जनरेटर. लई गारठलीया ती. दिस हाय तवर उचला."

"आन सोमनाथ?"

तात्या पंचा सारखा करत राहिले. जगासाठी गाडी धरून ठेवलेल्या माणसाला स्वतःच्या पोरासाठी ती धरता आली नाही, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. म्हणून पुन्हा कुणी विचारलं नाही. ओढ्याकाठी अग्नी तात्यांनीच दिला.

परतले तेव्हा दिवस बुडाला होता. पायांवर पाणी घेत होते, तोच फोन वाजला. पलीकडे पोरगा पळत बोलत होता.

"तात्या, उतरलो! गाडी केलीया. डायवरला म्हनलं, कुठंच थांबू नगं. पाच तासात पोचतो. थांबलाय न्हवं?"

 रस्ता तात्यांना तोंडपाठ होता. घाट, खड्डे, नसरापूरचा फाटा, पुढची वळणं. त्या अंधारात जीव तोडून पळणारी गाडी त्यांना दिसली, आणि आत मागच्या सीटवर एकटं पोर.

"डायवरला फोन दे," ते म्हणाले.

दिला.

"दादा," तात्या म्हणाले, "गाडी सावकाश आना. आता काय घाई न्हाई."