नुसतं तापणं

आमच्या घरात तापट माणूस एकच, आणि ती मी. आई म्हणायची, "नुसतं तापायचं, काम काही करायचं नाही." पुढे मी तपकिरी चरबीवर संशोधन करायला लागले तेव्हा मला हसूच आलं, कारण ती चरबी नेमकं तेच करते. तिच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांत एक प्रथिन असतं. एरवी ते बंद असतं. अंगाला गारठा लागला की साठलेली चरबी फुटून मेदाम्लं सुटतात, ती या प्रथिनाला चिकटतात आणि ते उघडतं. मग जळणातून पेशीचं दुसरं काम होत नाही, नुसती उष्णता होते. मेदाम्ल नेमकं कुठे चिकटतं, यावर माझं डोकं फोडणं चालू असतं. आईच्या मते हे बघायला शिकायची गरजच नव्हती, घरात आरसा होता.

गेल्या मे महिन्यात बहिणीला उल्हासनगरच्या एका दवाखान्यात दिवस भरायच्या आत मुलगी झाली. बाळ कुडकुडत नाही म्हणून आई निश्चिंत होती. मी नव्हते. नवजात बाळं कुडकुडत नाहीतच. खांद्यांच्या मधली ती तपकिरी चरबी जाळून ऊब धरतात. वेळेआधी आलेल्या बाळाकडे ती फारशी नसते. चिकटायला मेदाम्लंच कमी पडली तर प्रथिन काय करणार? प्रयोगशाळेत हाच प्रश्न मी किती मजेत विचारायचे. इथे बाळाचे तळवे हाताला गार लागत होते.

मी एसीवरून नर्सशी भांडले. मग लोकरीची टोपी शोधत भर उन्हात बाजार पालथा घातला. एक सिंधी दुकानदार म्हणाला, "बहेन, सीझन में आना." त्याच्यावरही तापले आणि तशीच परत आले.

डॉक्टरांनी सांगितलं की बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून बघू. ऊब टिकली तर ते इथेच राहील, नाहीतर मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल. म्हणजे बहिणीपासून लांब. बहिणीला टाके होते, त्यात ताप. आईने माझ्याकडे बोट दाखवलं. मी धड जेवायलाही एका जागी बसत नाही.

बाळ छातीवर ठेवलं, वरून आईची जुनी साडी. मूठभर जीव, पण त्याचा श्वास स्पष्ट लागत होता. पाय सारखा हलवायची माझी सवय, तो मी दाबून धरला. मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. भीती वाटत होती, आणि ती कुणावर काढायचीही सोय नव्हती.

बऱ्याच वेळाने नर्सने बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला, बघितला आणि म्हणाली, "ऊब धरलीय हिने."

माझे डोळे भरून आले. जरा पाय हलवू का, असं मी आईला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तापत बस."