अण्णांचा जर्मन ठेका

माझ्या पायाला भिंगरी लागलीय, असं मावशी दारात येईल त्याला सांगते. दूधवाल्यालासुद्धा. सांगेना का. पुण्यात मी खोल्या बदलल्या, नोकऱ्या बदलल्या, एकदा तर नव्या खोलीत हौसेने पंखा बसवून घेतला आणि पुढच्याच महिन्यात ती खोली सोडली. एका जागी बसलं की माझ्या पोटऱ्यांत काहीतरी वळवळायला लागतं. अशी मी, अण्णांचा हात कापतोय म्हणून आठ दिवसांसाठी सोलापूरला आले आणि दोन वर्षं इथंच राहिले. घरातल्या घरात फेऱ्या मारून मारून मला आता आमच्या फरशीचाच राग येतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. वैरागमार्गे बार्शी, जन्मभर तोच रस्ता. आई गेल्यापासून घरात ते आणि मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हात कापण्याची सवय झाली सगळ्यांना. चहाचा कप अर्धाच भरायचा, एवढंच. खरा छळ पायांचा. अण्णा बरे चालत असायचे आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी आले की पाय जागीच. अंग पुढं, पाय मागं. वळायचं म्हटलं तरी तेच. "अण्णा, उचला की पाऊल," मी म्हणायची. "उचलतोय की. त्ये ऐकतंय कुटं," असं म्हणून ते भिंतीला हात लावून उभे राहायचे. कधी कधी तिथंच लेंगा ओला व्हायचा. मग दिवसभर ते कुणाशी बोलायचे नाहीत.

मी जर्मन भाषेतली मशिनींची माहितीपुस्तकं आपल्याकडच्या लोकांना कळतील अशी करून देते. टॉवेलच्या कारखान्यांत तिकडून मशिनी येतात, त्यांचं कुठलं बटण कधी दाबायचं, काय बिघडलं तर काय उघडायचं, वगैरे. हे काम घरून चालत होतं तोवर ठीक होतं. मग पुण्याच्या कंपनीने कळवलं की एक तारखेपासून ऑफिसात या, नाहीतर आम्ही दुसरं माणूस बघतो. आडपडदा कशाला ठेवू, मला तिथल्या तिथं बॅग भरायची होती. पण मावशी फार तर स्वयंपाक करील, गोळ्या देईल. अण्णांना धरून नेणं-आणणं तिच्या कमरेला झेपणारं नाही. अण्णा आपल्या पायांनी बाथरूमच्या दारातून आतबाहेर करायला लागले तर मी सुटले. नाहीतर राहिले. त्या महिन्यात माझा जीव एका उंबऱ्यावर टांगलेला होता.

अण्णांना व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. ती म्हणाली, "ताई, यांना तालावर चालवून बघा ना. गाणं लावायचं आणि ठेक्यावर पाऊल टाकायचं."

मावशी लगेच पदर खोचून पुढं. तिच्या मोबाईलवर देवळातल्या मंडळाचं भजन होतं. "देवाच्या नावानं निघतील बघ पाय," ती म्हणाली. भजन सुरू झालं आणि खरंच अण्णांनी पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मावशीने हात जोडले. पण आपलं भजन कुठं एका चालीत राहतं? सावकाश सुरू होतं, मग मृदंगवाल्याच्या अंगात येतं, टाळ चढतात, बसलेले लोक उठून उभे राहतात. भजन चढलं तसे अण्णाही चढले. पावलं बारीक बारीक आणि भरभर, पळाल्यासारखी, आणि त्यांना थांबताच येईना. मी पोचेपर्यंत ते स्वयंपाकाच्या ओट्यावर जाऊन आदळले. भुवई फुटली. मावशी रडत रडत मोबाईल बंद करायला बघत होती आणि घाबरल्यामुळे तिला तो बंद करता येत नव्हता. अण्णा फरशीवर, तोंडावर रक्त, आणि वर टिपेला गेलेलं भजन.

मग सिनेमाची गाणी झाली. मधेच बासरी सुरू झाली, ठेका थांबला, अण्णाही थांबले, बरोब्बर उंबऱ्यावर. लावणी लावली तर "असल्यावर चालू व्हय मी?" म्हणून त्यांनी अशा नजरेने बघितलं की मी मुकाट्याने बंद केली. दोन दिवस मी नुसती धुसफुसत होते. मावशीवर, त्या मुलीवर, समस्त ढोलकीवाल्यांवर. या पृथ्वीतलावर एक तरी वाजवणारा असा नसेल का, जो सुरू केलंय तेच शेवटपर्यंत वाजवील, उगाच कला दाखवणार नाही?

आणि भांडी घासता घासता मला माझाच मूर्खपणा कळला. असे वाजवणारे मला माहीत होते की. वीस वर्षं त्यांना कानात घेऊन फिरत होते मी.

पुण्यात जर्मन शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी एकदा वर्गात सीडी लावली. बाई तरुणपणी तिकडं राहून आलेल्या. म्हणाल्या, ही तिकडची एकोणीसशे सत्तरच्या आसपासची पोरं. युद्धात हरलेल्या देशात वाढली. आईबापांची गाणी त्यांना नको होती, कारण युद्धाच्या काळात आईबाप कशाकशात सामील होते ते त्यांना कळलं होतं. अमेरिकेची उसनी गाणीही नको होती. मग सगळं टाकून देऊन त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. सूर एक, ठेका एक. ड्रमवाला कुठं चमकत नाही, कुठं उसळत नाही, नुसता पुढं जातो. बराच वेळ झाल्यावर मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, गाणं कधी सुरू होणार?" वर्ग खो खो हसला. मला हसू आलं नाही. माझ्या पोटऱ्यांतल्या वळवळीला पहिल्यांदाच कुणीतरी सोबत दिली होती.

त्या पोरांना त्यांच्याच देशात तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, असं बाई म्हणायच्या. पण तो ठेका काही मेला नाही. तो दुसऱ्यांनी उचलला, त्यांच्याकडून तिसऱ्यांनी, मग तो नाचाच्या संगीतात शिरला, जाहिरातींत शिरला. आमच्या चौकात मिरवणुकीला पोरं ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर रचून जे धाडधाड वाजवतात, त्यातही मला तो सापडतो. शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात आणि मी गॅलरीत जाऊन कान देऊन उभी राहते. मावशीच्या मते हे लग्न न केल्यामुळे झालंय.

मी अण्णांच्या कानात इयरफोन घातले. भुवईवरची पट्टी अजून निघाली नव्हती. ते जरा वेळ ऐकत उभे राहिले.

"ह्येच्यात गानं कुटं हाय?"

"नाही. एवढंच आहे."

"फुडं बदलतंय का?"

"नाही बदलत."

"मग बरं हाय की," अण्णा म्हणाले. "गाडी टॉप गेरला टाकली, रस्ता मोकळा."

आणि ते निघाले. हॉल, पॅसेज, उंबरा. उंबऱ्यावर पाऊल जरा घोटाळलं, पण ठेका थांबला नव्हता, म्हणून पाऊलही थांबलं नाही. ते आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. कित्येक महिन्यांत ती कडी आतून लागली नव्हती. आम्ही दोघी बाहेर उभ्या. मावशीच्या डोळ्यांना धार लागली. मी मात्र मनातल्या मनात पुण्याचं तिकीट काढत होते. लाज वगैरे काही वाटली नाही, इतका आनंद झाला होता.

पण ते संगीत कितीही लांबलं तरी कधीतरी संपतंच. संपलं की अण्णा असतील तिथं खिळायचे. मग मी एकापुढं एक तुकडे जोडायला घेतले. जोडाच्या जागी जरासा खड्डा राहायचा, तेवढ्यातही त्यांचा पाय अडखळायचा. काही तुकडे त्यांना जलद पडायचे, ते संथ करायला लागायचे. मी लॅपटॉपसमोर बसून ऐकायची, कापायची, जोडायची, पुन्हा ऐकायची. पूर्वी या संगीताने मला कधी एका गावात टिकू दिलं नव्हतं. त्या आठवड्यात त्याच्याचसाठी मी खुर्चीवरून हलले नाही. मावशी जेवायला हाका मारून मारून थकायची.

अण्णा बाथरूमपासून फाटकापर्यंत पोचले, फाटकापासून कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर चहाच्या टपरीशी एसटीतून रिटायर झालेली मंडळी सकाळी बसतात. अण्णा तिथं गेलेच नव्हते कधीपासून. आता मी दहा पावलं अंतर ठेवून मागं चालायची आणि ते कानात वायरी घालून पुढं, ताठ. टपरीवर सगळ्यांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. म्हातारपणी शौक लागला म्हणाले. एका जुन्या कंडक्टरने इयरफोन स्वतःच्या कानात घालून बघितले, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "ह्येचा शेवटचा स्टॉप कुटला म्हनायचा?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "नॉनस्टॉप हाय."

सगळे हसले, अण्णा सगळ्यात जास्त. मी टपरीच्या आडोशाला उभी होते. ते असे हसतात हे मी विसरूनच गेले होते.

एक गोष्ट मात्र सुधारली नाही. वळणं. सरळ रस्ता कितीही द्या, पण माघारी फिरायचं म्हटलं की पाय चिकटायचे. व्यायामवाल्या मुलीने युक्ती दिली की जागच्या जागी वळू नका, मोठा गोल घेऊन या. कॉलनीत ते जमायचं, कारण जागा होती. "ष्टँडात गाडी फिरवल्यागत," अण्णा म्हणायचे. पण कानातला ठेका काढला, की गोल पण नाही आणि सरळ पण नाही.

पुण्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. कसं सांगू, तुम्ही चालायला लागलात म्हणून मी निघाले? एका संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "पुन्याला कदी निगायचं हाय?" मावशीच्या पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, "बघू, अजून नक्की नाही." अण्णा म्हणाले, "दिसभर हिकडनं तिकडं करतीस. आमाला दिसतंय की. गाडी चालू ठिवून हुबी केल्यावर डिझेलच जळतंय नुसतं." मग म्हणाले, "मी येनार सोडायला." यावर मावशी म्हणाली, घरातूनच टाटा करा. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गेलो आम्ही दोघंच रिक्षाने. रिक्षावाल्याला गेटाशी थांबायला सांगितलं. स्टँडवर तोबा गर्दी, लाऊडस्पीकरवर गाड्यांचा पुकारा अखंड चाललेला. गाडी फलाटाला न लागता आवारात मधेच उभी होती. अण्णा कानात ठेका घेऊन त्या गर्दीतून सरळ चालत आले, एकाही माणसाला धक्का नाही. माझी छाती फुगली, खरं सांगते. मी चढले, खिडकीशी आले. ते खाली उभे. मी काहीतरी बोलले, गोळ्यांचं. त्यांना ऐकू येईना. म्हणून त्यांनी इयरफोन काढून खिशात घातले.

"आता बोल," ते म्हणाले.

मी म्हटलं, "गोळ्या वेळेवर घ्या."

"व्हय," अण्णा म्हणाले आणि जायला वळले. वळणं अर्ध्यातच राहिलं. खांदे गेटाकडं, पाय गाडीकडं. त्यांनी खिशात हात घालायचा प्रयत्न केला. हात इतका कापत होता की खिसा सापडेना. आजूबाजूने लोक बॅगा घेऊन चाललेले. मी बॅग उचलली आणि सीटमधून बाहेर पडले. उतरायलाच निघाले होते. अण्णांनी मान वळवून ते बघितलं. आणि खिशात जात नव्हता तोच हात त्यांनी उचलला आणि गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, जोरात. दोन थापा म्हणजे गाडी सोडा. कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. आमच्याही ड्रायव्हरने मागं न बघता गिअर टाकला.

मी गाडीच्या मधल्या वाटेत उभी. मागच्या काचेतून अण्णा दिसले, तसेच, अर्धे वळलेले. मग एक टेम्पो आडवा आला. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांना काही दिसेना. कंडक्टर म्हणाला, "ताई, जागा हाय की तुमची. बसा." मी मावशीला फोन लावला, तो लागेना. अण्णांना लावला, ते उचलेनात.

गाडी शहराबाहेर बाळे गावाच्या पुढं गेली आणि त्यांचाच फोन आला.

"जागा घावली का?"

"अण्णा, तुम्ही कुठं आहात?"

"मी व्हय? रिक्षात बसलो की मगाच. घर आलंच आता."

त्यांच्या मागून लाऊडस्पीकर स्वच्छ ऐकू येत होता, अक्कलकोटला जाणाऱ्या प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावं म्हणत होता. अण्णा अजून स्टँडवरच होते, तिथंच.

"तू बसलीस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बसले," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "खिडकीची मिळाली."