भरती लागेपर्यंत

आमच्या सोसायटीचा ट्रॅक्टर जे गृहस्थ चालवत, त्यांच्याइतक्या विचित्र समजुती बाळगणारा आणि तरीही कामात कधीच न चुकणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. गाव त्यांना डायवरदादा म्हणे. पंचवीस वर्षं मुंबई बंदरातल्या लाँचवर इंजिन सांभाळून ते साठीच्या घरात उरणकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावी परतले. स्वातंत्र्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. त्याच सुमारास शेतकी सोसायटीने एक छोटेखानी ट्रॅक्टर आणला. मी शाळेत मास्तर. घाटावरून बदलून आलेला, चार अक्षरं इंग्रजी वाचणारा, म्हणून सोसायटीचा सेक्रेटरीही मलाच केलेलं. ट्रॅक्टरचं इंग्रजी पुस्तक माझ्या ताब्यात आणि ट्रॅक्टर त्यांच्या. आमच्यातल्या कुरबुरीला एवढं पुरेसं होतं.

दादांच्या लेखी ट्रॅक्टर ही बोटच होती, फक्त नशिबाने कोरड्यावर आलेली. ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाला ते नाळ म्हणत आणि मागच्या भागाला वराम. चपला घालून त्यावर चढत नसत. नारळी पौर्णिमेला सगळं गाव दर्याला नारळ द्यायला निघालं की हे अर्धा नारळ आधी ट्रॅक्टरच्या चाकापाशी ठेवून मग सगळ्यांत शेवटी येत. गिअरपेटीवर बांबूचा तुकडा टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावत आणि डोळे मिटून बसत. एकदा मी विचारलं, काय ऐकता? तर म्हणाले, "तिसरा गेर दमलाय. आज त्याला बोलवाचा न्हाय." आणि खरोखरच दिवसभर त्यांनी तिसरा गिअर टाकला नाही. हे मी शाळेत इतर मास्तरांना सांगून हसवत असे.

पण त्यांचा खरा थाट पाहावा तो तेल बदलताना. त्या ट्रॅक्टरच्या गिअरपेटीला आणि नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिकला तेल एकच, वंगणही तेच आणि ताकदही तीच. दादा आधी ट्रॅक्टरला बांधावरून दोन फेऱ्या मारून आणत. "थंड तेल आलशी, तलाशी बसून र्‍हातं," असं त्यांचं म्हणणं. पुस्तकातही अगदी हेच लिहिलेलं होतं, पण ते त्यांना सांगायचा मोठेपणा मी कधी दाखवला नाही. मग खालचा बूच काढायचा आणि काळं तेल घमेल्यात सोडायचं. त्यातला एक थेंब चिमटीत चोळून, हुंगून, चक्क जिभेला लावायचा. एकदा थेंब चाखून म्हणाले, "खारट लागतंय मास्तर, खारीचं पानी शिरलंय." मी हसलो. दोन दिवस शोधून त्यांनी पाणी जिथून शिरत होतं ते फाटलेलं रबर माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि निघून गेले.

हे सगळं मी चालवून घेत असे. मला सहन होत नसे ते त्यांचं भरती-ओहोटीचं शास्त्र. तेल सोडायचं ते ओहोटी लागल्यावर आणि नवं भरायचं ते भरती लागल्यावरच. मधले पाच-सहा तास ट्रॅक्टर बूच उघडा ठेवून उभा. "ओटी सगली घान घेऊन जाते. पानी वर चढाला लागला की तेल पन सुखानं चढतं," हे त्याचं कारण. एवढा वेळ निथळल्यावर पेटीच्या तळाशी चिकटलेला गाळही गळून जातो, हे साधं गणित मला फार उशिरा सुचलं.

त्या वर्षी भात कापून झाल्यावर शेतीखात्याचे मोठे साहेब ट्रॅक्टरची नांगरट पाहायला येणार असं ठरलं. साहेब तेल मोजायची पट्टी स्वतः काढून पाहतात असं मी कुठूनसं ऐकलं होतं, म्हणून त्याच दिवशी सकाळी तेल बदलायचा हट्ट मी धरला. दादा बोटांवर तिथी मोजत म्हणाले, "मास्तर, दिवस ठरवन्याआधी मना विचाराचा व्हता. भरती चार वाजता लागल." साहेब तीनला येणार होते. मी आवाज चढवला. त्यांनी शांतपणे तेल सोडलं, तेल गाळणारी आतली जाळी रॉकेलमध्ये धुऊन बसवली आणि चारला भरतो म्हणून जेवायला घरी गेले.

दोन वाजता माझा धीर सुटला. बूच लावायला आणि तेल ओतायला कसली आली विद्या, असं म्हणत मी एकटाच ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गेलो. ही शेड पूर्वी बोटींच्या सामानाची होती आणि अजूनही निम्म्या जागेत कोळ्यांचे डबे असत. त्यांत सिफा असे, म्हणजे मुशी माशाच्या यकृताचं तेल. बोटीच्या लाकडाला ते चोपडतात. एवढं सगळं मला माहीत होतं. पण त्या गावचा वास मला कधी मानवला नव्हता. शेडमध्ये जाताना मी नाकाला कापराची वडी बांधलेला रुमाल लावत असे, आणि लोक बघतात हे ठाऊक असूनही लावत असे. एक डबा ओतला. तो अपुरा पडला म्हणून शेजारचा तसाच डबा उचलून अर्धा ओतला. दोन्ही तेलं काळपट, दोन्ही डबे चौकोनी. पट्टीवर खुणेपर्यंत तेल आलेलं पाहून मला स्वतःचा अभिमान वाटला.

साहेब वेळेच्या आधीच आले. दादा धावत आले, हात बुचाकडे गेला. "भरलंय मी," मी म्हणालो, "पट्टीसुद्धा पाहिली." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता भांडतील. पण म्हणाले, "मास्तर म्हनतान, मंग बराबर आसल." आणि चपला काढून वर चढले.

पहिल्या दोन फेऱ्या झोकात झाल्या. तिसऱ्या फेरीत तेल तापलं आणि शेतभर कालवण करपल्यासारखा वास पसरला. कुठूनशी दोन मांजरं येऊन ट्रॅक्टरमागे चालू लागली, साहेबांच्या शिपायाने सदऱ्याचं टोक नाकाला लावलं, आणि बांधावरचं गाव हसू लागलं. मग नांगर वर उचलेना. सिफ्यातला गाळ जाळीत बसला होता, हे नंतर कळलं. ट्रॅक्टर मध्येच थांबला.

"तेल कोणी भरलं?" साहेबांनी विचारलं. सोसायटीचे चेअरमन माझ्याकडे नाही, दादांकडे पाहू लागले. माझ्याकडे पाहायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दादांनी पट्टी काढली, हुंगली. मग मान वर करून एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला भरपूर वेळ होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःची समजूत घालत राहिलो की सगळं फार भराभर घडलं. भराभर काही घडलं नाही. मी गप्प उभा होतो, इतकंच.

"चूक माजी हाय साहेब," दादा म्हणाले. "डबा वलखला न्हाय. आता वास पन येत न्हाय बराबर. वय झालं."

ज्या माणसाला तेलाच्या थेंबातली खार कळत होती, त्याने चारचौघांत सांगितलं की आपल्याला वास येत नाही. त्यांच्या हातून ट्रॅक्टर काढून घेण्याचा ठराव आठवड्यात झाला. सेक्रेटरी म्हणून तो मीच माझ्या अक्षरात लिहिला. जायच्या आधी त्यांनी गिअरपेटी तीन ओहोट्या रॉकेलने धुतली, भरतीला नवं तेल भरलं, आणि ट्रॅक्टर पूर्ववत चालू करून किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी कसंबसं म्हणालो, "दादा, मी सांगतो सगळ्यांना."

"काय नको," ते म्हणाले. "पोरा तुमच्याकडं शिकतान. मास्तरला हसली, तर मंग आयकतील कोनाचा? मना काय, हसू दे."

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यांत जास्त लाज मला त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच वाटते.

गावाने त्यांचं नाव सिफादादा ठेवलं. त्यांनी ते आनंदाने घेतलं. शिमग्याला होळीपाशी बसून ती गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि दरवर्षी तिच्यात भर घालत. मांजरं दोनाची सात झाली, साहेब वासाने खाली पडले, आणि आपण डबा कसा उचलला, कसा ओतला, हे ते हातवारे करून असं दाखवत की मलाही घटकाभर वाटे, ओतला असेल त्यांनीच. लोक हसून लोळत. मीही हसत असे. ते माझ्याकडे कधी पाहत नसत.

ते गेले तेव्हा मी दहाव्याला गेलो. खाडीवरचे विधी आटोपून मंडळी अंगणात बसली होती. घरात दुःख होतं, पण माणूस पिकलं पान होऊन गेला होता, त्यामुळे हळूहळू आठवणी निघू लागल्या. त्यांची सून ओट्यावर पोराला मांडीवर घेऊन बसली होती. डोळे पुसत ती म्हणाली, "मास्तर, तुमी तवा तथं व्हते ना? ती सिफ्याची गोष्ट सांगा. या पोरानं आजाच्या तोंडून आयकली न्हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. खरं सांगायला तेव्हा कुणाचीच आडकाठी नव्हती, त्यांचीसुद्धा नव्हती. मी घसा साफ केला आणि गोष्ट सांगितली. ते सांगत तशीच, सात मांजरांसकट.