केसापेक्षा बारीक धागा

संध्याकाळी टेबलाखाली झाडू मारला की कोंबड्याची पिसं, धाग्याची टोकं, वाकडे झालेले हूक असा ढीग निघतो. किस्सेही तसेच साचतात. फरक एवढाच की पिसं सुपलीत भरून टाकता येतात. किस्से कुठे टाकणार? म्हणून लिहायला बसले. चौथी पास बाईचं लिहिणं आहे. ज्यांना चुका काढायच्या असतील त्यांनी आधी आमच्याकडे येऊन एक माशी बांधून दाखवावी!

हो, माशी. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर आम्ही बायका बसून माश्या बांधतो. तांदळाच्या दाण्याएवढा हूक वाईसच्या चिमट्यात धरायचा, त्यावर पीस ठेवायचं, बारीक धाग्याचे वेढे द्यायचे आणि तोंडाशी गाठ मारायची. पाण्यावर पडली की माशाला वाटतं, खरीच माशी. परदेशातले लोक ती गळाच्या दोरीला लावून मासे पकडतात.

*

हेमा मनोरीची कोळीण. पिढ्यान्‌पिढ्या होडी आणि जाळं. पहिल्या दिवशी आमच्या सुपरवायझरनी, परबसाहेबांनी, तिला काम समजावलं. "हे लोक दिवसभर नदीत उभे राहतात. मासा पकडतात, फोटो काढतात आणि परत सोडून देतात."

हेमाने हातातला हूक खाली ठेवला.

"सोडतात?"

"सोडतात."

"मग घरी बायकोला काय सांगतात?"

परबसाहेब अजून विचार करतायत!

*

या धाग्याला खरखरीत बोट चालत नाही. बोटाला भेग असली की धागा अडकतो, पिंजतो, तुटतो. आणि आमची बोटं काय राणीची आहेत? एकदा सकाळपासून सगळ्याच जणींचे धागे तुटत होते. आदल्या दिवशी गटारी झालेली. घरोघरी कोलंबी सोललेली, खोबरं खवलेलं, तेलकट टोप घासलेले.

परबसाहेब वैतागले. "बायांनो, हात म्हणजे तुमचं भांडवल! घरी भांडी घासत जाऊ नका."

शालनताई मान वर न करता म्हणाली, "पाठवून देते साहेब. तुमचा पत्ता द्या!"

ही शालनताई आमच्यात सगळ्यांत जुनी. कणकवलीकडची. मला, हेमाला, सगळ्यांना गाठ मारायला हिनेच शिकवलं. नवरा अंगावरून वारं गेल्यापासून पलंगावर. मूलबाळ नाही. ते घर तिच्या दहा बोटांवर उभं होतं. आणि बोटांना काय झालं नाही हो. झालं ते डोळ्यांना.

*

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले. घाटकोपरची माणसं, नाकानं बोलणारी. मुलाच्या आईने विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "माश्या बनवते."

बाई पोह्याची बशी हातात धरून म्हणाली, "अगंबाई! त्या तर देव फुकट बनवतो ना?"

मी म्हटलं, "देवाला पगार लागत नाही. त्याला लाईटचं बिल येत नाही."

स्थळ गेलं. जाऊ दे मेलं!

*

मग नवी ऑर्डर आली. हूक आणखी लहान, धागा आणखी बारीक. पांढरा. वाईसपाशी धरला तर दिसायचा, जरा लांब नेला की गायब.

एक दिवस परबसाहेब चिमटीत एक माशी धरून आले. "हे काय बांधलंय यात?"

बघितलं तर वेढ्यांमध्ये एक पांढरा केस गुंडाळलेला. अगदी सफाईने, धाग्याला धागा लावून!

"कोणाचा केस आहे?"

सगळ्या बायकांनी डोक्यावर पदर ओढले. ओढणीवाल्यांनी ओढण्या. देवळात आरतीला बसल्यासारख्या. शालनताई हळूच म्हणाली, "साहेब, केस कसा असेल? धागाच असेल."

साहेब म्हणाले, "धागा एवढा जाड नसतो!"

*

शालनताईला मीच दवाखान्यात घेऊन गेले. मला वाटलं मोतीबिंदू असेल, काढून टाकतील, झकास दिसायला लागेल. डॉक्टरीणबाई पोरसवदा होती, स्वभावाने चांगली. म्हणाली, "मावशी, मोतीबिंदू असता तर बरं झालं असतं. ही डोळ्याच्या मागची नस सुकत चाललीय. गेलेली नजर परत येत नाही. औषध घाला, आहे ती टिकवायचा प्रयत्न करू. आणि बारीक काम बंद करा."

शालनताईने विचारलं, "बारीक म्हणजे?"

"सुईदोऱ्यासारखं."

"सुईदोरा?" शालनताई माझ्याकडे बघून हसली. "तो तर जाडा!"

घराजवळ रिक्षातून उतरताना मात्र म्हणाली, "कारखान्यात बोललीस तर बघ."

*

बोलले. हेमाशी बोलले, हेमा सगळ्यांशी बोलली. कोळणीच्या पोटात कुठली गोष्ट राहायला! पण परबसाहेबांपर्यंत जाऊ द्यायची नाही, असं ठरलं.

शालनताई हाताच्या अंदाजाने पीस बसवायची, वेढे द्यायची. शेवटची गाठ तेवढी जमत नव्हती. मग तिचा ट्रे टेबलाखालून फिरायचा. हेमाच्या मांडीवर, माझ्या मांडीवर, पलीकडचीच्या मांडीवर. प्रत्येकीने आपलं काम सांभाळून तिच्या चार गाठी मारायच्या. असं किती दिवस चालणार, हे कोणी विचारत नव्हतं. मीसुद्धा आता हूक उजेडाकडे धरून बघते. आज ती, उद्या मी. आमच्या धंद्यात डोळे आधी म्हातारे होतात, बाई मागाहून.

गाठीचं असं असतं की ती अक्षरासारखी असते. कोणाची कुठली, ओळखू येते. एकदा परबसाहेब भिंग लावून शालनताईचा माल तपासत होते. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "शालनताई, यात तीन बायकांचे हात दिसतायत."

शालनताई म्हणाली, "वय झालं साहेब. माणूस एकसारखं राहत नाही."

साहेबांनी भिंग खिशात टाकलं आणि माल पास केला.

*

आणि मग ती परदेशातली पार्टी आली. माल घेणारा स्वतः. उंच, म्हातारा, गुलाबी माणूस. चहा घेतला, लिमलेटची गोळी खाल्ली, आणि म्हणाला, माझ्यासमोर एक माशी बांधून दाखवा.

परबसाहेबांनी घाईघाईने हेमाला पुढे केलं. पण त्या बाबाचं बोट गेलं शालनताईकडे. पांढरे केस बघितले असतील. म्हणजे ही सगळ्यांत तयारीची!

शालनताई बसली. चाचपून हूक लावला. पीस ठेवलं. धाग्याचे दोन वेढे दिले आणि तिसऱ्याला धागा तुटला. पीस खाली पडलं.

धागा तुटला की हाताला लगेच हलकं लागतं. नवशिकीलाही कळतं. पण तिचा हात थांबला नाही. उघड्या हुकाभोवती नुसती धाग्याची बॉबिन फिरवत राहिली. सावकाश, एकसारखी, तोंड गंभीर करून. हवेचे वेढे देत होती. हेमाने माझ्या दंडात नखं रुतवली. तो बाबा चष्मा पुसून, वाकून, हुकापाशी नाक न्यायला लागला.

तेवढ्यात परबसाहेब भिंतीकडे गेले आणि त्यांनी पंखा लावला.

पंखा! आमच्याकडे पिसं उडतात म्हणून मे महिन्यातही पंखा लागत नाही. घामाच्या धारा लागल्या तरी नाही. बटणावर साहेबांनीच चिकटपट्टी मारलेली. ती त्यांनी नखाने ओरबाडून काढली आणि पंखा फुल केला!

सगळे डबे उधळले. लाल, करडी, मोराची, जी असतील ती पिसं खोलीभर. बाबाच्या केसांत, मिशीत, तोंडात. तो खोकत खोकत मागे सरला.

"कोणी लावला पंखा?" परबसाहेब ओरडले. बोट अजून बटणावर! "काही शिस्त आहे की नाही? बंद करा आधी!"

आम्ही कोणीच उठलो नाही.

शालनताईने बॉबिन खाली ठेवली. मान मागे टाकून तोंड पंख्याकडे केलं. कपाळावरचे केस उडत होते, गालावर एक पीस चिकटलेलं.

"असांदे साहेब," ती म्हणाली. "बरा वाटता."