मागच्या गेटनं या

आमच्या ऑफिसातल्या कुणालाही चहाला बसवा, चहा संपेल पण किस्से संपणार नाहीत. कामच तसं आहे! आदिलाबादेत बसून आम्ही अमेरिकेतल्या एका श्रीमंत कॉलनीचं गेट उघडतो. कॅमेऱ्यात माणूस दिसतो, आम्ही स्पीकरवर बोलतो, बटन दाबतो. आपल्याकडं सकाळ, तिकडं संध्याकाळ. माणसं घरी परतत असतात आणि आम्ही ठरवतो, कोण आतला आणि कोण बाहेरचा!

*

पहिल्याच दिवशी टीम लीड सरांनी नियम सांगितला. राहणारे आणि पाहुणे पुढच्या गेटनं, कामवाले मागच्या.

"काऊन सर?" मी लगेच विचारलं. आमच्या बोलीत 'का'ला 'काऊन' म्हणतात. सर मला तेव्हापासून 'काऊन मॅडम' म्हणतात.

शेजारी बसलेली स्वप्ना बेल्लमपल्लीच्या खाणकामगाराची मुलगी. ती हळूच म्हणाली, "आमचे नान्ना आयुष्यभर खाणीच्या गेटसमोर घोषणा देत उभे राहिले. आता त्यांची पोरगीच गेट झाली!"

*

एकदा जुनाट गाडीतून एक जण आला. फाटका टी-शर्ट, हाताला माती. मी त्याला मागच्या गेटचा रस्ता सांगितला. तो निघाला कॉलनीतल्या सगळ्यात मोठ्या घराचा मालक!

सर भडकले. "तिथं श्रीमंत माणूस फाटकं घालतो. इस्त्री करून येतो तो सेल्समन! एवढं कळत नाही?"

आम्ही सगळ्यांनी गुपचूप आपापल्या इस्त्रीच्या कपड्यांकडं पाहिलं.

*

आम्ही इंडियात आहोत हे तिथं सांगायचं नाही. मी त्यांची 'नोरा'. कुठं बसतेस, असं कुणी विचारलं तर "गेटजवळच, सर!"

एक साहेब म्हणाले, "मग जरा बाहेर ये. टायरमधून आवाज येतोय."

सरांनी खुणेनं सुचवलं, जेवतेय म्हण. म्हटलं. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा थांबली.

"नोरा, झालं का जेवण?"

*

कॉलनीतलीच एक मुलगी सुट्टीत पिझ्झा पोचवायचं काम करायची. हातात पिझ्झा, म्हणजे मागचं गेट! बिचारी वळसा घालून स्वतःच्याच गल्लीत शिरली. तिच्या आईचा फोन आला. स्वप्नानं माफी मागायला सुरुवात केली.

"गेटचं सोडा हो," आई रडकुंडीला आली होती, "शेजाऱ्यांनी पाहिलं ना!"

*

मार्ताच्या किश्शाला लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

मार्ता एका म्हाताऱ्या बाईजवळ रात्री थांबायला येते. बसमधून पुढच्या गेटसमोरच उतरते. पण कामवाली, म्हणून अख्ख्या कंपाउंडला वळसा घालून मागं जायचं. पायी! तिला पोचायला उशीर व्हायचा. आणखी एकदा उशीर झाला तर येऊ नको, असं तिला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीनं बजावलं होतं. मी सरांशी रोज भांडायची. "नियम आपला नाही, काऊन मॅडम," सर म्हणायचे.

एका सकाळी माझे बाबा भीमपूरहून वांगी घेऊन आले. वॉचमननं त्यांना चहा पाजला आणि थेट माझ्या खुर्चीपर्यंत आणून सोडलं. स्क्रीनवर मार्ता होती. तिकडं बर्फ पडत होता.

"हे बाई काऊन उभी राह्यली?" बाबांनी विचारलं.

"तिला मागून जा म्हणून सांगायचंय."

"गेट तं हे समोर हाय!"

"बाबा, ती कामाला येते."

"मंग कामाले येनाऱ्याले तं आधी अंदर घ्यावं लागते! कोनतं बटन?"

मी बोट दाखवलं. बाबांनी बटन दाबलं, माइककडं वाकले आणि शेतातून हाक मारावी तसे ओरडले, "ये बाई, ये!"

मार्ता दचकली. मग हसली आणि आत गेली.

कॉलनीच्या कमिटीची तक्रार त्याच दिवशी आली. दुसऱ्या सकाळी सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "आज पुढचं गेट उघडलंस, तर उद्या येऊ नकोस."

बस थांबली. मार्ता उतरून गेटसमोर आली. मी स्पीकर सुरू केला. "गुड इव्हनिंग, मॅम..." पुढचं वाक्य मला पाठ होतं. सर माझ्या बोटाकडं बघत होते.

मार्तानं कॅमेऱ्यात पाहिलं आणि एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली, "ये... बाई... ये!"